दरडोई हिरवळ

त्याला ऑफिसात सगळे टक्का म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा "कालच्यापेक्षा तीस टक्के बरी आहे" असं त्यानं मॅडमना फोनवर सांगितलं, आणि फोन ठेवायच्या आत नाव चिकटलं. त्याला वाईट वाटलं नाही. नाव ठेवण्याइतकं कुणी आपल्याकडे बघतं, हेच त्याला पुष्कळ होतं.

पालिकेच्या इमारतीत, मागच्या अंगाला, शाश्वत विकास कक्ष होता. पूर्वी त्या खोलीत मोडक्या खुर्च्या टाकत. खुर्च्या हलवल्या, एक भिंत हिरवी रंगवली, दारावर पाटी लावली आणि आत तीन माणसं बसवली: मॅडम, नकाशेवाला आणि टक्का. हे शहर पुढच्या पिढ्यांना पुरेल का, ते या तिघांनी सांगायचं. खोलीला खिडकी नव्हती.

मोजणारी माणसं ढिगानं मिळतात. काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणारा एखादाच असतो. टक्का तो एखादा होता. दरवर्षी परदेशातली एक संस्था शहरांचा क्रम लावायची. पाणी, कचरा, हवा, हिरवळ अशा एकेका विषयाला एकेक निर्देशक, म्हणजे मोजायचा एकेक आकडा, शहरानं स्वतः निवडायचा, त्यावर आपले वॉर्ड तपासायचे, जो वॉर्ड सगळ्यात खाली येईल तिथे आधी काम काढायचं आणि सुधारणा दाखवायची. हिरव्या भिंतीवर निर्देशकांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या असत. टक्का प्रत्येकीपुढे उभा राहून तेच प्रश्न विचारी. आकडा दरवर्षी मिळतो का? सगळ्या वॉर्डांचा मिळतो का? आणि पालिकेला तो हलवता येतो का? यातल्या एकालाही 'नाही' उत्तर आलं, की चिठ्ठी केराच्या टोपलीत.

त्या टोपलीत काय काय गेलं! 'नाल्याकाठची दुर्गंधी' गेली. "वास कशानं मोजायचा? नाकानं?" टक्का म्हणाला, आणि नकाशेवाला पोट धरून हसला. 'घर सोडावं लागलेली कुटुंबं' ही चिठ्ठीही अशीच गेली. गेलेली माणसं गेलेली असतात; दरवर्षी त्यांचा आकडा द्यायला कोण मागे राहतं?

त्याचं नाव झालं ते पाण्याच्या वर्षी. 'दिवसातून किती तास पाणी येतं' अशी चिठ्ठी होती, आणि त्या हिशेबानं शहर तळाशी जाणार होतं. टक्क्यानं ती काढून 'नळजोडणी असलेली घरं' अशी लावली. पाइप टाकणं सोपं. पाणी आणणं कठीण. बघता बघता दारोदारी नळ लागले, शहर वर चढलं, मॅडमचा हार घातलेला फोटो छापून आला. कचऱ्याच्या वर्षी त्यानं डेपोच शहराच्या हद्दीबाहेर काढायला लावला. माणशी कचरा निम्म्यावर आला. कचरा तेवढाच होता. हद्द मात्र मध्ये आली होती.

त्याची ताई नाल्याकाठच्या गल्लीत राहायची.

आई लवकर गेली. त्यानंतर ताईनं शाळा सोडली आणि आईचं शिलाई मशीन सुरू केलं. गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे, शेजारपाजारचं उसवलेलं. ती मशीनवर आणि हा मशीनखाली, तिच्या पायांशी पाटी घेऊन. पायडलच्या ठेक्यावर त्याचे पाढे पाठ झाले. ती वरून एकेक बटण खाली टाकायची आणि विचारायची, "किती झाली?" चुकला तर पायानंच टपली. तो पुढे शिकला, नोकरीला लागला, पालिकेच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, लग्न झालं. ताईचंही झालं होतं मध्ये. नवरा लवकर मेला, मूल झालं नाही. ती त्याच खोलीत राहिली. दारातच मशीन, कारण उजेड दारातच. समोर नाला, नाल्यापलीकडे रंगाच्या कारखान्याचं बंद गोदाम. गल्लीतली पोरं टक्क्याला मामा म्हणत. जगात तेवढ्याच जागी त्याला कुणी टक्का म्हणत नसे.

पाण्याच्या वर्षी तिच्याही दारात नळ लागला. त्याला पाणी कधी आलं नाही. ताईनं त्याला कात्री अडकवली.

"तुझा नळ फार गुणाचा आहे रे," ती प्रत्येक खेपेला म्हणायची. "इतकी वर्षं कात्री टांगते, पण गंज म्हणून नाही."

तो हसायचा. ताईचा टोमणा त्याला लागत नसे. लहानपणी पायाची टपली जिथे बसायची तिथेच तो बसे, आणि जरा बरंच वाटे.

हिरवळीचं वर्ष आलं त्याच्या आधीच्या एका सुट्टीला तो तिच्याकडे गेला होता. ती सुई डोळ्याशी धरून दोरा ओवत होती. दोरा चुकत होता.

"डॉक्टर काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

"म्हणाला, मधून मधून लांब हिरवं बघत जा. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या दारातून लांब बघितलं तर गोदाम दिसतं आणि जवळ बघितलं तर नाला. हिरवा आहे म्हणा तोही, पावसाळ्याआधी." तिनं सुई त्याच्यापुढे केली. "ओव. एवढा मोठा अधिकारी झालास, एक झाड लाव माझ्यासमोर. जास्त नको. एक."

तिनं आयुष्यात त्याच्याकडे मागितलेलं ते पहिलं. त्यानं सुई ओवून दिली आणि घरी येईपर्यंत तो बसमध्ये उभ्या उभ्या विचार करत होता.

हिरवळीच्या चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या. 'एकूण झाडं' ही त्यानं लगेच काढली. कापलेली झाडं कोण मोजतो? उरल्या दोन. 'घरापासून बागेपर्यंतचं अंतर' आणि 'दरडोई हिरवी जागा'. मॅडमचा कल अंतराकडे होता. पण टक्क्याला ठाऊक होतं, अंतर घेतलं तर ताईची गल्ली पास होते. गल्लीच्या मागे भिंत, भिंतीपलीकडे, दुसऱ्या वॉर्डात, मोठ्या हॉस्पिटलची बाग. नकाशावर हाकेच्या अंतरावर. गल्लीतल्या एकानंही तिच्यात पाय ठेवलेला नव्हता, आणि नकाशात भिंतीची उंची दिसत नाही. दरडोई घेतलं, तर मात्र त्या वॉर्डाला तोड नव्हती. माणसं मुंग्यांसारखी आणि हिरवं शून्य. तोच तळाशी येणार, तिथेच आधी बाग होणार. जागाही त्यानं मनात पक्की केली होती: गोदामाची. ताईच्या दारासमोर.

"दरडोईच घेऊ," तो म्हणाला. "जगभर हाच घेतात."

मॅडमनी मान हलवली. टक्का जगभरचं बोलला की त्या वाद घालत नसत.

डोकी मोजायला माणसं जाणार होती, त्याच्या आधी तो मुद्दाम गल्लीत गेला. "ताई, एक लक्षात ठेव. मोजायला येतील तेव्हा माणसं कमी सांगायची नाहीत. जितकी जास्त डोकी, तितकी बाग नक्की."

"जास्त म्हणजे? नसलेली?"

"नसलेली नाही गं. येऊनजाऊन असलेली."

ताईनं गल्लीभर निरोप फिरवला. माझा भाऊ बाग आणतोय, डोकी वाढवा. मग काय, कामाला लांब गेलेले मुलगे घरात आले, सासरी गेलेल्या मुली माहेरी आल्या, एका घरात तर मेलेली आजीसुद्धा कॉटवर झोपली, म्हणजे शेजारची आजी तिच्या नावावर. मोजणारे घामाघूम झाले. ताईनं त्यांना चहा पाजला. गल्लीत त्या दिवशी लग्नघरासारखी गडबड होती.

आकडे आले. वॉर्ड तळाशी आला, आणि त्या वॉर्डातही ती गल्ली सगळ्यांच्या खाली. टक्का खूश होता. निर्देशकांवर सही व्हायच्या दिवशी नकाशेवाल्यानं टेबलावर बागेचा नकाशा पसरला. हिरवा चौकोन होता. नाल्याच्या अलीकडे होता.

"हे चुकलंय," टक्का म्हणाला. "गोदाम पलीकडे आहे."

"गोदामाचा मालक कोर्टात गेला. गल्लीला मालक कुठाय? कागदच नाहीत कुणाकडे." नकाशेवाल्यानं पेन्सिल टेकवली. "आणि ऐक ना, गोदाम घेतलं असतं तर नुसता वरचा आकडा वाढला असता, हिरव्या जागेचा. गल्ली घेतली की वरचा वाढतो आणि खालचा घटतो. डोकीच कमी. एका दगडात दोन पक्षी."

टक्का नकाशाकडे बघत राहिला. अपूर्णांक वाढवायचे दोन रस्ते असतात, हे तिसरीतल्या पोरालाही कळतं. त्याला तर मशीनखाली, बटणं भागताना कळलं होतं. जन्मभर त्यानं दुसऱ्याच रस्त्यानं शहर वर चढवलं होतं. फक्त या एका वेळी, ताईचं झाड डोळ्यांपुढे होतं म्हणून, त्याला वरचाच आकडा दिसला.

"कुठे नेणार त्यांना?"

"डेपोशेजारी इमारती बांधल्यात ना, तिथं. हद्दीबाहेर. कचऱ्याच्या वर्षी तूच शिकवलंस की रे. गुरू विद्या विसरला!"

मॅडम आत आल्या. पेनाचं टोपण काढलं. "अंतिम करू? काही बदल?"

बदल होता. एक चिठ्ठी काढायची, दुसरी टाचायची. अंतर घेतलं की गल्ली पास, नकाशा रद्द, ताई आपल्या दारात. त्याच्या हाताच्या अंतरावर ती चिठ्ठी होती. पण तसं केलं तर शहर वरच्या पाचातून खाली घसरत होतं, हे या खोलीत सगळ्यात आधी त्यालाच कळलं होतं. आणि मॅडम बढतीनं वर जाणार, त्यांची खुर्ची रिकामी होणार, हेही.

"बाग... जरा पलीकडे सरकवता आली असती तर," तो म्हणाला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "का? तुमचं कुणी राहतं का तिथे?"

प्रश्न साधा होता. त्यात संशयही नव्हता.

"छे," टक्का म्हणाला. "माझं कोण असणार तिथं?"

मॅडमनी सही केली.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाज उत्साहात. "अरे, तुझी माणसं येऊन गेली. दारावर हिरवा ठिपका मारलाय. सगळ्यांच्याच. मी म्हटलं नीट गोल काढा, वाकडातिकडा नको. झाडाची खूण आहे ना ती?"

"हं," तो म्हणाला.

"काय हं? तोंडात काय मिठाची गुळणी आहे?"

"मीटिंगमध्ये आहे, ताई. नंतर बोलतो."

नंतर तो बोलला नाही. ते गल्लीला नोटिशीनं सांगितलं, आणि नोटीस वाचून दाखवायला ताईनं भावालाच फोन लावला. तो उचलला गेला नाही.

घरं पाडण्याआधी पुन्हा डोकी मोजली. खोल्या वाटायच्या होत्या म्हणून. या वेळी मुलगे कामावर होते, मुली सासरी होत्या, आजी आपल्या नावानं आपल्या घरी होती. पहिल्या आकड्यात आणि दुसऱ्यात एवढी तफावत म्हटल्यावर साऱ्या गल्लीवर बोगस असा शिक्का बसला. ज्यांना दोन खोल्या मिळायच्या त्यांना एक मिळाली, आणि एकट्या ताईला एका म्हातारीबरोबर अर्धी. लोकांनी पालिकेला शिव्या दिल्या नाहीत. पालिका कुणाला दिसते? त्यांनी ताईला दिल्या. "भावानं बाग आणली हो हिच्या! घ्या, लोळा आता हिरवळीत!" मशीन टेम्पोत चढवायला एक हात पुढे आला नाही.

टक्क्याच्या बायकोला हे बाहेरून कळलं. ती तशी फटकळ होती, पण खोटी नव्हती.

"ताईंना इकडे घेऊन या," ती जेवताना म्हणाली.

"दोन खोल्या आहेत आपल्या."

"तुम्ही दोघं एका खोलीत वाढलात ना?"

त्याची नजर ताटावर होती, पण बायकोनं त्याचे ओठ हलताना पाहिले. चौरस फूट भागिले तीन. आताचे चौरस फूट भागिले दोन.

"मोजलंत?" ती म्हणाली. "मोजलंतच. किती टक्के कमी होतोय तुमचा संसार?" आणि ताट उचलून आत गेली. पण तीही दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

बाग झाली. मॅडम वर गेल्या आणि टक्का खिडकी नसलेल्या खोलीतल्या मोठ्या खुर्चीवर बसला. मग निरोप आला की परदेशातल्या त्या संस्थेच्या परीक्षक बाई स्वतः बाग बघायला येणार, आणि तिथल्या एखाद्या रहिवासी बाईशी बोलणार. मॅडमनी वरून फोन केला. "वयस्क हवी. मूळची तिथलीच. नीटनेटकी. बघा कुणी."

आजूबाजूचे लोक यायला तयार नव्हते. जे घडलं ते त्यांनी खिडकीतून पाहिलेलं होतं. टक्क्यानं दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ताईला फोन लावला. गल्ली गेल्यापासूनचा पहिला फोन.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "येते की," ती म्हणाली. "बघायचंच होतं मला."

दोन बस बदलून ती आली. स्वच्छ कपडे, स्वतः शिवलेले, शिवण जरा तिरकी. डेपोचा वास तिच्या केसांना होता. त्याला तो लगेच आला. तो वास मोजायचा कशानं असं कधीतरी आपण विचारलं होतं, हे त्याला आठवलं नाही.

"वाळलीस गं," तो म्हणाला.

"तिथं गिऱ्हाईक नाही. मशीनला बसायला उजेडही नाही. झाकून ठेवलंय." ती बाकावर बसली. इकडेतिकडे बघून जागेचा अंदाज घेतला, आणि थोडी सरकून बसली. "इथं होतं मशीन. हां. इथंच."

"ताई, काय बोलायचं ते सांगितलंय ना? बाग आवडते, रोज येते, एवढंच."

"सांगते की."

परीक्षक बाई आल्या. हसतमुख, उन्हानं लालबुंद झालेल्या. त्यांना इथली भाषा येत नव्हती, दुभाषा टक्काच. मॅडम एका बाजूला, नकाशेवाला दुसऱ्या. बाईंनी ताईचा हात हातात घेतला आणि विचारलं, की तुमचं घर इथून किती लांब?

टक्क्यानं प्रश्न ताईला सांगितला.

ताई बाईंच्या डोळ्यांत बघून बोलली. सावकाश, शिकवल्यासारखी. "माझं घर इथं होतं. तुम्ही उभ्या आहात तिथं उंबरा होता. यांनी पाडलं. मला कचऱ्याच्या डोंगराशी नेऊन टाकलं, एका खोकणाऱ्या म्हातारीबरोबर. येताना दोन बस लागल्या. गल्लीतलं कुणी माझ्याशी बोलत नाही, कारण हे सगळं करणारा माझा भाऊ आहे. हा. हाच, मधे उभा आहे तो. बटणांवर मोजायला मी शिकवलं ह्याला."

नकाशेवाला एका रोपाची पाटी वाचू लागला. मॅडमनी टक्क्याकडे पाहिलं.

बाईंच्या भाषेत टक्का म्हणाला, "घर अगदी जवळ आहे. त्या रोज येतात. म्हणतात, डोळ्यांना गारवा मिळतो."

बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांनी दाबला, काहीतरी गोड बोलल्या आणि हसल्या. मॅडम अजून टक्क्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात राग नव्हता. कौतुक होतं.

ताई बाईंच्या हसण्याकडे बघत राहिली.

"मी जे सांगितलं," ती भावाला म्हणाली, "ते ऐकून कुणी असं हसत नाही."

ताईनं हात हळूच सोडवून घेतला आणि उठली. कुंपणाशी एक नळ होता. पाडताना पाइपलाइन तेवढी ठेवली होती. बागेला लागणार म्हणून टाकीपासून नवी जोडणी दिली होती. ताईनं तो ओळखला. कात्रीच्या दोरीनं त्याच्या मानेवर पडलेली रेघ अजून होती.

तिनं नळ फिरवला. पाणी धो धो आलं, तिच्या हातावरून कोपरापर्यंत उडालं, कपडे भिजले. ती बघत उभी राहिली. मग तिनं तोंड धुतलं, डोळे धुतले, आणि ओल्या तोंडानंच वळली.

"जाते मी, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही थांबा. पाहुणे आहेत तुमचे."

आजवर तिनं त्याला अरेशिवाय हाक मारली नव्हती. त्यानं "ताई" म्हणायला तोंड उघडलं, पण परीक्षक बाई त्याच्याकडेच बघत होत्या, तेव्हा त्यानं ते हसण्यात बदललं.

ताई फाटकातून बाहेर गेली. नळ तसाच वाहत होता. पाणी पायवाटेवर आलं, बाईंच्या बुटांपर्यंत आलं. मॅडमनी भुवई वर केली.

टक्का लगबगीनं गेला, आणि दोन्ही हातांनी नळ घट्ट बंद केला.